साडूंची टेकडी

माझ्या थोरल्या साडूंच्या हाती एकदा तोंड दिलेला माणूस सातवाहनांविषयी अज्ञानी राहून मेला, असं कोल्हापुरात एकदाही घडलेलं नाही. साडू दातांचे डॉक्टर होते. त्या काळी, म्हणजे संस्थान नुकतंच विलीन झालं होतं तेव्हा, दात दुखला तर लवंग धरायची, फारच दुखला तर देवाला नवस बोलायचा आणि अगदी जिवावर बेतलं तर माझ्या साडूंकडे जायचं, असा लोकांचा क्रम होता. शुक्रवार पेठेत नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचा दवाखाना होता. दारावरच्या पाटीवर एक भलामोठा जबडा रंगवलेला होता. तो सिनेमाचे पडदे रंगवणाऱ्या एका पेंटरनं काढल्यामुळे हिरड्यांवर गुलाबी लाली आणि एकूण हसण्यात नायिकेची लाज उतरली होती. त्या पाटीखाली एक लहान पाटी होती, ती मात्र साडूंनी स्वतःच्या हातानं रंगवलेली: 'ब्रह्मपुरीचे प्राचीन अवशेष पाहण्यास याच रस्त्याने पुढे जावे.' या पाटीचा उपयोग कुणाला झाला असेल असं वाटत नाही, कारण पाटी वाचायला माणूस थांबला की साडू स्वतःच बाहेर येत आणि चपला पायात सरकवत.

ब्रह्मपुरी म्हणजे पंचगंगेच्या काठची टेकडी. दवाखान्यातून निघालं की तोंडातलं पान रंगायच्या आत माणूस तिथं पोचे. दुसरं महायुद्ध संपलं त्या हिवाळ्यात तिथं मोठं उत्खनन झालं होतं. जमिनीखालून दोन हजार वर्षांपूर्वीची, सातवाहनांच्या काळातली विटांची घरं निघाली, भांडी निघाली, मणी निघाले, पार रोमहून आलेल्या ब्राँझच्या वस्तू, मूर्ती निघाल्या. निघालेल्या वस्तू गेल्या संग्रहालयात. खणणारे विद्वान गेले आपापल्या गावी. मागे राहिले ते खड्डे, खड्ड्यांतल्या गुडघाभर उंचीच्या भिंती आणि माझे साडू.

माझी बायको त्यांना दाजी म्हणे, म्हणून मीही दाजीच म्हणू लागलो. ते मला 'पावणं' म्हणत. पुढे माझी बदली कोल्हापूरला झाली, मी त्यांच्या शेजारच्या गल्लीत बिऱ्हाड केलं, त्यांच्या घरी आठवड्यातून दोनदा जेवू लागलो, तरी मी शेवटपर्यंत पावणाच राहिलो. मी मूळचा नाशिककडचा. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला कोल्हापूरला आलो तेव्हा दाजी स्टेशनवर घ्यायला आले होते. माझ्या बायकोला आईवडील नव्हते. तिचं माहेर म्हणजे तिची थोरली बहीण, आमची अक्का. घरी अक्का पाणी तापवून, उटणं कालवून वाट बघत होती. पण टांगा घराकडे न वळता सरळ नदीकडे निघाला. मला वाटलं, आधी अंबाबाईला नेत असतील. तसं विचारल्यावर दाजी म्हणाले, "अंबाबाई कुठं जात न्हाई, पावणं. भिंती मात्र रोज झिजायला लागल्यात." नव्या कोटात, बगलेत फराळाचा डबा धरून मी टेकडी चढलो. वर गवत होतं, चौकोनी खड्डे होते आणि एका खड्ड्यात उतरून चरणारी म्हैस होती. मी सभ्यपणे इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "अवशेष कुठं आहेत?"

"तुम्ही त्यांच्यावरच उभा हाईसा," दाजी म्हणाले.

मी दचकून खाली उतरलो तो एका खोलीतच उतरलो. त्याबरोबर दाजी कळवळले. "पावणं, लोकाच्या घरात असं भिंतीवरनं शिरत्यात व्हय? दार हाय की तिकडं!" तिकडे म्हणजे दोन विटांच्या रांगांमध्ये हातभर मोकळी जागा होती. मी परत वर चढलो, वळसा घातला, त्या जागेतून रीतसर आत गेलो. दाजींनी उंबऱ्यापाशी चपला काढल्या. मग मीही बूट काढले. मोजे काढावेत की नाही, याचा विचार करत असतानाच त्यांचं व्याख्यान सुरू झालं आणि ते संपलं तेव्हा म्हैसही निघून गेली होती.

हे मी माझं भाग्य समजतो, कारण मला तोंड मिटता उघडता येत होतं. दाजींच्या रोग्यांना ती सवलत नव्हती. दात काढण्याआधी हिरडीत इंजेक्शन दिलं की ती बधिर व्हायला थोडा वेळ लागतो. दुसरे डॉक्टर तेवढ्यात दुसरा रोगी बघत असतील. दाजी तेवढ्यात टेकडीवर जाऊन येत. गालात कापसाचा बोळा धरलेला, अर्धं तोंड लुळं पडलेला माणूस त्या रस्त्यानं त्यांच्या मागून निघालेला दिसला की दुकानातले लोक एकमेकांना विचारत, "आज कुणाची दाढ?" टेकडीवर रोग्याला प्रश्न विचारता येत नसे, शंका काढता येत नसे, 'मला काम आहे' असंही म्हणता येत नसे. इतका एकाग्र श्रोता कुठल्या कीर्तनकाराला लाभला नसेल. कधीकधी व्याख्यान लांबे आणि परत येईपर्यंत इंजेक्शनचा असर उतरलेला असे. मग दुसरं इंजेक्शन, आणि कुणी फारच मऊ स्वभावाचा असला तर टेकडीची दुसरी फेरी.

खुर्चीत बसवल्यावरही दाजींचं तोंड बंद नसे. एका तालमीतला नावाजलेला पैलवान दाढ काढायला आला होता. मांड्या खांबासारख्या, पण चिमटा बघून घामानं न्हालेला. दाजी दाढ हलवता हलवता त्याला सातवाहनांच्या जहाजांविषयी सांगत होते. पैलवानानं त्यांचा हात धरला, तोंडातला बोळा काढला आणि हात जोडून म्हणाला, "डाक्टर, एकतर दाढ काढा न्हाईतर गोष्ट सांगा. दोन्ही एकदम सोसंना." दाजींनी क्षणभर विचार केला आणि गोष्ट पुरी केली. मग दाढ काढली.

चैत्रात जोतिबाची यात्रा आटोपून गुलालानं माखलेली माणसं गावात उतरत, तेव्हा तर दाजींना उधाण येई. दवाखाना बंद करून ते रस्त्यावर उभे राहत आणि घोळकेच्या घोळके टेकडीकडे वळवत. एकदा एका म्हाताऱ्या यात्रेकरूनं सगळं लक्ष देऊन ऐकलं, खोल्या हिंडून बघितल्या आणि विचारलं, "आता हितं कोण ऱ्हातंय म्हणायचं?"

"आता कोण ऱ्हाणार? कुणी न्हाई."

"मग भाड्यानं देत्यात का?"

काजू विकायला आलेला चंदगडचा एक शेतकरी याहून परखड निघाला. त्यानं खड्ड्यात डोकावून बघितलं आणि म्हणाला, "आमच्या चंदगडला दोन पावसाळ्यांत घराचं असं होतंय. तुम्हाला दोन हजार वरसं लागली व्हय?" दाजी यावर मनापासून हसले. कुणी काही बोललं तरी त्यांना राग कसा तो येत नसे. येई तो फक्त भिंतीवरून उडी मारणाऱ्याचा.

हे वेड त्यांना लागलं कसं, ते मला एकदा त्यांनी सांगितलं. उत्खनन चालू असताना दवाखाना मिटून ते रोज तिथं बघायला जात. खणणाऱ्या मंडळींना एका घराच्या कोपऱ्यात माणसाची एक दाढ सापडली. हा गृहस्थ दातांचा डॉक्टर आहे असं कळल्यावर त्यांनी ती सहज त्यांच्या तळहातावर ठेवली. दाजींनी ती उजेडाकडे धरली आणि त्यांना दिसलं की दाढेला कीड लागली होती. चांगलं खोल भोक पडलेलं. "पावणं," ते मला म्हणाले, "तवापासनं माझ्या डोळ्यांसमोर तो माणूस हाय. ह्या घरात, ह्या भिंतीला टेकून गाल धरून बसलेला. बाहेर जहाजं येऊ देत न्हाईतर राजं येऊ देत, त्याला काय? त्याला दाढ दुखतीया. आणि माझा दवाखाना हितनं हाकेच्या अंतरावर! पाच मिनटांत काढली असती की मी." हे सांगताना त्यांचा स्वतःचा हात गालाकडे गेला होता. ती दाढ डबीत घालून विद्वान मंडळी घेऊन गेली. दाजींनी नंतर त्यांना पत्र घालून विचारलं की तिचं पुढं काय झालं. उत्तर आलं नाही. पण एक सांगायला हवं. दाजी लोकांना राजांची नावं सांगत, व्यापार सांगत, मूर्ती सांगत, ही दाढेची गोष्ट मात्र सहसा कुणाला सांगत नसत. मला का सांगितली कोण जाणे. घरचा पावणा म्हणून असेल.

आता अक्काविषयी. अक्का ही अतिशय कामाची, मोजकं बोलणारी आणि बोलली की तुकडा पाडणारी बाई होती. दाजी टेकडीवरून माणसं घेऊन घरी येत, त्यांना चहा करायचा, जेवायची वेळ असली तर भाकरी टाकायची, त्यांच्या पायांची माती नंतर झाडायची, हे सगळं ती निमूट करी. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरात येणारा जाणारा हाच तिचा गोतावळा. आणि या बाईनं टेकडी कधीही बघितली नव्हती! पंचगंगेच्या घाटावर ती जाई, अंबाबाईला दर शुक्रवारी जाई, पण घरापासून चार पावलांवरची ती जागा तिनं पाहिली नव्हती. हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. एवढ्या जवळच्या जागेला कुणी 'गेलात का' म्हणून विचारतं थोडंच?

विचारलं ते निपाणीच्या एका बाईनं. तिचे यजमान तंबाखूचे व्यापारी, जैन, मोठे सालस गृहस्थ. त्यांचे उरलेसुरले सगळे दात काढून कवळी बसवायची होती, त्यामुळे नवराबायकोच्या निपाणीहून पुष्कळ फेऱ्या झाल्या आणि जितक्या फेऱ्या कोल्हापूरच्या झाल्या तितक्याच टेकडीच्याही झाल्या. एका संध्याकाळी ती मंडळी अक्काकडे जेवत होती. दिवस मावळायच्या आत त्यांना जेवायचं असे, म्हणून अक्कानं लवकर पानं मांडली होती. मी आणि माझी बायकोही होतो. निपाणीच्या बाई हसत हसत म्हणाल्या, "अक्का, तुमच्या यजमानांनी मला त्या घरातनं इतक्यांदा फिरवलं, की आता मला माझ्या माहेरासारखं वाटायलंय बघा. तुम्हाला त्यातली कुठली खोली आवडती?"

"मी बघितलं न्हाई," अक्का म्हणाली आणि आमटी वाढू लागली.

"काय बघितलं न्हाई?"

"टेकडीवरलं."

"अय्यो!" बाईंचा घास हातातच राहिला. "साऱ्या मुलखाला दावलं, आणि घरच्या बाईला न्हाई?"

त्यांचे यजमान बिनदाताचं हसले. त्यात वाईट काहीच नव्हतं. पण दाजींनी पानावरची मान वर केली नाही. अक्का आमटी वाढत पुढे गेली आणि त्यांचं पान वगळून पुढच्या पानाकडे गेली. तेवढ्यावरून मला कळलं की आज काहीतरी झालं आहे.

पाहुणे गेल्यावर ते बाहेर आलं. आम्ही दोघं निघायच्या बेतात होतो आणि निघता येईना, असं झालं.

"चल म्हणालासा कधी मला?" अक्कानं भांडी गोळा करत विचारलं.

"येते म्हणालीस कधी तू?" दाजी म्हणाले.

"मी कशाला म्हणू? गावातल्या किडक्या दाताच्या माणसाला बोलवायला जातासा. मी काय, चहा करायलाच हाय."

"तूच म्हणालतीस की, मेल्यांची घरं बघायला वेळ न्हाई म्हणून."

"म्हणालते. एकदा म्हणालते. तुम्ही दुसऱ्यांदा इचारलं व्हय?"

दाजींनी टोपी उचलली, बाहेर जायला निघाले, दारापाशी थांबले, टोपी परत खुंटीला अडकवली आणि आत जाऊन निजले.

नंतरचे दिवस विचित्र गेले. दोघांचं बोलणं बंद झालं असं म्हणता येणार नाही. 'मीठ', 'दार', 'दूधवाला' असे शब्द चालू होते. पण दाजींनी टेकडीवर जाणं सोडलं. कुणालाच नेईनात. इंजेक्शन दिलं की रोग्याला बाकावर बसवत आणि स्वतः खिडकीतून रस्त्याकडे बघत बसत. तो पैलवान दुसरी दाढ घेऊन आला होता, तो बराच वेळ चुळबुळत राहिला आणि म्हणाला, "डाक्टर, आज जायचं न्हाई व्हय? नुसतं बसून जास्त दुखतंय की." दाजी म्हणाले, "भिंती हायत्या तिथंच." इतकंच. रस्त्यावरचे दुकानदार मला विचारू लागले की डॉक्टरांची तब्येत बरी आहे ना. एरवी ज्या बडबडीला लोक कंटाळत, ती बंद पडल्यावर साऱ्या रस्त्याला चुकल्या चुकल्यासारखं झालं. अक्काचंही काही बरं चाललं नव्हतं. चहाचं भांडं सवयीनं मोठंच ठेवी आणि मग उरलेला चहा मोरीत ओती, असं माझी बायको सांगत होती.

एके दिवशी संध्याकाळी मी कचेरीतून बाहेर पडलो तर दाजी समोर उभे. आम्ही रंकाळा तलावाकडे चालू लागलो. दाजी रंकाळ्यावर चालले आहेत ही गोष्टच मला अशुभ वाटली. रंकाळ्याला ते 'पाण्याचा खड्डा' म्हणत. पाण्यापाशी पोचल्यावर ते थांबले. मग म्हणाले, "पावणं, तिला नेलं असतं की मी. कवाच नेलं असतं."

"मग नेलं का नाही?"

"भ्या वाटलं."

"कशाचं?"

"चंदगडचा माणूस बोलला, मी सोडून दिलं. पैलवान बोलला, सोडून दिलं. गावात मला येडा डाक्टर म्हणत्यात, मला म्हाईत हाय. तेबी सोडून दिलं. पर ती तिथं हुबी ऱ्हायली, बघितलं, आणि 'एवढंच?' म्हणाली, तर? ते मी कसं सोडून देऊ?" मग पाण्याकडे बघत म्हणाले, "तिचं बोलणं तुम्हाला म्हाईत हाय. खोटं न्हाई बोलायची ती."

माझ्या या साडूंना कशाची भीती वाटत असेल, असा विचार मी कधी केला नव्हता. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती ऐकून घेऊन तशीच अक्काकडे गेली आणि निरोप घेऊन आली. अक्काचं म्हणणं एवढंच होतं: "विटा बघायची मला काय हौस न्हाई. पर त्यांनी तोंडानं चल म्हणावं."

हे सोपं वाटतं. पण जन्मभर अनोळखी माणसांना हाताला धरून नेणाऱ्या या गृहस्थाला स्वतःच्या बायकोला 'चल' म्हणायला आठवडा लागला. शेवटी एका रविवारी दुपारी, आम्ही चौघं जेवत असताना, ते आमटीच्या वाटीला उद्देशून म्हणाले, "ऊन उतरलं की जरा जाऊन येऊ या."

"कुठं?" अक्का म्हणाली.

"तिकडं."

"तिकडं म्हंजे कुठं?"

"टेकडीवर," दाजी म्हणाले आणि मग मान वर करून, जवळजवळ ओरडूनच, "चल की तूबी!"

अक्कानं अंबाबाईला जाताना नेसायचं हिरवं लुगडं नेसलं, अंबाड्यावर शेवंतीची वेणी माळली. आम्ही चौघं रस्त्यानं निघालो. दाजींच्या मागून त्या रस्त्यानं बहुतेक दातदुखीचीच माणसं जात असल्यामुळे कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं काळजीनं विचारलं, "अक्का, दाढ का?"

"न्हाई," अक्का म्हणाली, "घर बघायला."

टेकडीवर पोचलो. त्या वर्षीच्या पावसानं भिंतींचं आणखी नुकसान केलं होतं, एक कोपरा पार ढासळला होता. दाजी पुढे होते. ज्या जागी उभं राहून त्यांनी हजारो वेळा बोलायला सुरुवात केली असेल, त्या जागी ते इंजेक्शन दिलेल्या रोग्यासारखे उभे राहिले. अक्कानं त्यांच्याकडे बघितलं, थोडा वेळ वाट बघितली, मग लुगड्याचा ओचा वर धरला आणि सरळ भिंत ओलांडून आत गेली. दाजींनी तोंड उघडलं आणि परत मिटलं.

अक्का त्या खोलीत उभी राहिली. सावकाश चारी बाजूंनी वळून बघितलं. खाली घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं, तेवढाच आवाज.

"एवढंच?" ती म्हणाली.

मी दाजींकडे बघू शकलो नाही. माझ्या बायकोनं माझा दंड धरला होता.

"एवढंच," दाजी म्हणाले.

"ह्याच्यापायी जीव टाकलासा इतकी वर्सं?"

"व्हय."

"बरं," अक्का म्हणाली. ती मागे सरकली आणि त्या दोन हजार वर्षांच्या भिंतीवर, पाट मांडून बसावं तशी बसली. "बसा की. उभं का ऱ्हायलायसा? वारं चांगलं हाय हितं." दाजी उंबऱ्यापर्यंत वळसा घालून गेले, चपला काढल्या, आत आले आणि तिच्याशेजारी बसले. काही वेळानं ती म्हणाली, "आता सांगा. समद्यांना सांगतासा ते."

दाजींनी राजांपासून सुरुवात केली नाही. ते दाढेपासून सांगू लागले. कुठे सापडली, कशी दिसत होती, भोक केवढं होतं. अक्का ऐकत होती. मध्येच तिनं जिभेनं च्च केलं आणि विचारलं, "पुरुषमाणसाची का बाईची?" दाजी म्हणाले की ते कळत नाही. "मग बाईचीबी असंल," ती म्हणाली. "दाढ धरून सैपाक केला असंल तिनं." दाजी एकदम हसले, इतक्या मोठ्यानं की घाटावरच्या माणसानं वर बघितलं. मग पुढे सांगत राहिले. आम्ही दोघं हळूच तिथून सरकलो आणि नदीच्या बाजूला जाऊन उभे राहिलो.

अक्काला विटांची गोडी नंतरही लागली नाही. खोटं कशाला सांगू? पण तिला तिथलं वारं आवडलं. रविवारी दुपार कलली की ती निवडायची भाजी किंवा सोलायचे पावटे घेऊन दाजींबरोबर टेकडीवर जाऊ लागली. अवशेषांकडे पाठ आणि नदीकडे तोंड करून बसे. मागे दाजींचं व्याख्यान चालू असे. दाजी परत पहिल्यासारखे झाले होते. किंबहुना पहिल्यापेक्षा वाईट, कारण आता त्यांना घरी जायची घाई नसे. तिच्या सोयीसाठी त्यांनी भिंत ओलांडण्याचा नियमही शिथिल केला. बाकीच्यांना मात्र दारच.

काही वर्षांनी एक गंमत झाली. दाजींचे स्वतःचे दात पडायला लागले. सगळ्या जिल्ह्याला कवळ्या बसवणारा हा माणूस, पण "माझ्या तोंडात हात घालणारा अजून जन्माला यायचाय" म्हणून त्यांनी कुठल्याही डॉक्टरपुढे तोंड उघडलं नाही. परिणाम असा झाला की त्यांचं बोलणं नवख्या माणसाला कळेना. सातवाहनांतला 'स' आणि 'त' दोन्ही हवेत जात. एका रविवारी मुंबईचे कुणी पाहुणे होते. दाजी तळमळून बोलत होते आणि ते लोक एकमेकांकडे बघत होते. तेव्हा नदीकडे तोंड करून बसलेली अक्का, न वळता, पावटे सोलता सोलता म्हणाली, "ते म्हणायलेत, ही आतली खोली. हितं धान्याचं रांजण व्हतं." मग दाजी पुढचं वाक्य बोलले आणि ती ते सांगती झाली. राजांची नावं ती गाळून टाकी. दाजी मागे वळून "नाव सांग की!" म्हणून चिडत. ती म्हणे, "नाव घेऊन काय करायचंय त्यास्नी? व्हता कोणतरी राजा." तेव्हापासून रविवारची व्याख्यानं अशी दोघांची होऊ लागली. आणि लोक ती पहिल्यापेक्षा जास्त वेळ ऐकत, हे दाजींनाही मान्य करावं लागलं.

मग एका उन्हाळ्यात खड्डे बुजवायचं ठरलं. उघड्या भिंती पावसानं विरघळत होत्या, लोक विटा उपटून नेत होते. मातीखाली राहिल्या तर निदान टिकतील, असं जाणत्यांचं मत पडलं. मला वाटलं दाजी आकांत करतील. ते म्हणाले, "बराबर हाय. झाकलेलंच टिकतं." माती पडत होती तितके दिवस ते उन्हात छत्री धरून तिथं उभे राहिले. पुढच्या पावसाळ्यानंतर टेकडीवर सपाट गवत आलं. बघण्यासारखं काही म्हणजे काही उरलं नाही.

त्याच सुमारास माझी बदली मलकापूरला झाली. सामान पुढं गेलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दाजी-अक्कांचा निरोप घेतला. अक्कानं बायकोची ओटी भरली. दाजी म्हणाले, "पावणं, मलकापुरात कुणाची दाढ दुखली तर धाडा," आणि आत निघून गेले, कारण त्यांना निरोपबिरोप जमत नसे.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारच्या एस.टी.नं आम्ही निघालो. गाडी पंचगंगेच्या पुलावर आली तशी बायकोनं मला कोपरानं ढोसलं आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. मागे गावाच्या काठावर टेकडी दिसत होती, हिरवीगार, मोकळी. वर दोन माणसं होती, तिसरं कुणीच नव्हतं. अक्का नदीकडे तोंड करून बसली होती. मांडीत काहीतरी निवडत असावी. दाजी तिच्या मागे गवतात उभे होते आणि हात लांबवून काहीतरी दाखवत होते. इथं भिंत, तिथं दार, पलीकडे रांजण, असं असणार. अक्कानं मान वळवली नाही. पण ती मध्येच मान हलवत होती, एवढं मात्र पुलावरूनही दिसलं. बायकोनं खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. त्यांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. गाडी पूल उतरून वळली आणि टेकडी झाडांमागे गेली.